बर्फावरील महालाची किंमत

तळी गोठविणारा, फॉर्म भरविणारा आणि ऐन मुदतीच्या दिवशी वेबसाइट बंद पाडणारा जो सर्वसमर्थ, त्यास आधी नमन करोन लिहिणार लिहितो ऐसे की, मिनेसोटा प्रांती टॅमरॅक फॉल्स नामे कसबा, तेथील हाल्वरसन कुळीची कन्या ब्रिटा इच्या कॉलेजखर्चानिमित्त जी दारुण मोहीम जाहली, तिची हकीकत सादर केली असे. लिहिणार कोण म्हणाल, तर याच कसब्याच्या साप्ताहिकाचा कारकून. मोहिमेत जातीने हजर होतो, पाय गारठून लाकूड जाहले होते, आणि दस्तैवजावर आमची सही आहे. पदरचे थोडे घातले असेल. फार नाही.

राजश्री लाइल हाल्वरसन हे जिल्ह्याच्या बर्फ लोटणाऱ्या गाडीचे सरदार. सत्तावीस हिवाळे त्यांनी मुलखाचे रस्ते मोकळे राखिले, आणि सत्यवचनी ऐसे की, दुकानदाराने चुकून दहा सेंट ज्यादा दिले तर वादळातून माघारे जाऊन परत करावे आणि वरून माफी मागावी. त्यांचे कुटुंब कोनीबाई, शाळेच्या मुदपाकखान्याच्या मुखत्यार, तीनशे पोरांस रोज जेवू घालून कोणाचे ऐकोन न घेणाऱ्या. आणि चिरंजीव ब्रिटा, उमर अठरा, इजला जमिनीखालच्या पाण्याचे शास्त्र शिकावयाचा ध्यास लागला होता. ते शास्त्र जेथे शिकवितात ते लून रिज कॉलेज चार तासांच्या मजलेवर, आणि वर्षाचा खर्च बासष्ट हजार डॉलर, म्हणजे नवराबायकोची वर्षाची कमाई ओतली तरी तळ दिसावा ऐसा. मदत मिळाली तर कॉलेज, न मिळाली तर पेट्रोल पंपाचा गल्ला, जेथे ती शनिवार-रविवारी बसतच होती. मोहिमेचे मूळ ते हे.

आता महालाचे वर्णन. लाइलरावांनी स्वहस्ते प्लायवूडचे एक घर बांधिले होते, लांबी आठ फूट, रुंदी सहा, गॅरेजच्या उरल्या हिरव्या रंगाने रंगविलेले, आत एक पत्र्याची शेगडी, एक बाक, एक रेडिओ, आणि जमिनीस दोन भोके. तळे गोठले की हे घर ओढोन बर्फाच्या मध्यावर न्यावे, भोकांतून गळ सोडावा, आणि मार्चपर्यंत तेथेच मुक्काम करावा, ऐसा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. कोनीबाईंनी त्या घरात कधी पाऊल घातले नाही. माशांचा वास आणि नवऱ्याचा सुकाळ एके ठिकाणी सोसवत नाही, ऐसे त्यांचे म्हणणे. लाइलरावांस मात्र त्या महालाचा गर्व थोर होता, आणि कॅफेत चारचौघांदेखत त्यांनी जाहीर केले होते की, कोणी चाळीस हजार दिले तरी हे घर विकणे नाही.

मग सरकारी मदतीचा फॉर्म उघडला आणि हाल्वरसनांच्या स्वयंपाकघरात डेरा पडला. पहिल्या दिवशी तीन पासवर्ड गारद जाहले. दुसरे दिवशी यंत्राने लाइलरावांस पुसले की, तुम्ही खरोखर लाइल आहात काय, आणि हे सिद्ध करावयास त्यांस बावीस मिनिटे लागली. तिसरे दिवशी ब्रिटा गल्ल्यावर गेली असता सरदारांनी एकट्याने चाल केली आणि थेट 'इतर मालमत्ता' या रकान्यापाशी येऊन ठेपले.

"कोनी, तळ्यावरच्या घराची किंमत किती लिहू?"

"शून्य लिही," कोनीबाई ओव्हनमध्ये हॉटडिशचे, म्हणजे बटाटे-खिमा एकत्र भाजावयाच्या पदार्थाचे, भांडे सरकवीत बोलल्या.

"शून्य कसं? कॅफेत सगळ्यांसमोर चाळीस हजार म्हणालोय. आता सरकारला वेगळं सांगू?"

"अरे, ते बढाई मारणं होतं!"

"मी बढाई मारत नाही," लाइलराव म्हणाले, आणि चाळीस हजार लिहोन, खाली सही करोन, हॉटडिश खावयास बसले.

पुढे फेब्रुवारी महिनियात लून रिजहून खलिता आला. पहिल्या पानावर मुबारकबादी, ब्रिटाबाईंस प्रवेश बहाल, आनंदी आनंद. कोनीबाईंनी केक फ्रिजमधून काढिला. दुसरे पानी ऐसे की, आपल्या कुटुंबाची तळ्यावर चाळीस हजारांची दुसरी वास्तू असल्याने मदत बेताचीच मंजूर आहे, बाकी रक्कम आपण सुखाने भराल अशी खात्री आहे. ब्रिटाने ते दोनदा वाचिले आणि तिच्या हातची सुरी केकातच राहिली.

"बाबा, आपलं तळ्यावर घर कुठंय?"

लाइलरावांनी खिडकीतून बोट दाखविले. दूर बर्फावर तो हिरवा ठिपका ऊन खात उभा होता.

त्याउपरि घरात जो गलबला जाहला तो लिहावयास शाई पुरणार नाही. कोनीबाई इतके बोलल्या की शेजारचा कुत्रा उठोन दुसरीकडे गेला. ब्रिटा मात्र रडली नाही, ती टेबलाशी बसोन राहिली आणि हळूच म्हणाली, "पंपावर मॅनेजरची जागा रिकामी होतेय म्हणे." हे वाक्य लाइलरावांस बंदुकीच्या गोळीसारखे लागले. परंतु फॉर्म दुरुस्त करोन द्या म्हटले तर ते ऐकेनात. आपण सरकारास खोटे सांगितले ऐसे आपल्याच हाताने कैसे लिहावे? खोटे तर ते बोललेच नव्हते!

तेव्हा ब्रिटाने कॉलेजच्या मदत-दफ्तराच्या अधिकारी पेनिंग्टनबाई यांजकडे फोनवरोन रदबदली केली. बाईंचे फर्मान आले की, वास्तूची किंमत म्हणजे मालकाच्या मनातली नव्हे, उघड्या बाजारात खराखुरा गिऱ्हाईक जे मोजील ती. खरेदीचा कागद साक्षीदारांच्या सह्यांनिशी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पावता करावा, मग फेरविचार होईल. म्हणजे घर विकावे लागणार. लाइलराव बूट चढवोन तळ्यावर गेले, दुपारभर आपल्या महालात बसोन राहिले, गळसुद्धा सोडिला नाही. परतोन आले तेव्हा मिशांवर बर्फ जमले होते. म्हणाले, "मिल्टनला बोलवा. लिलाव करू."

मिल्टन स्वोबोडा म्हणजे तीन जिल्ह्यांत गाजलेले लिलाववाले. त्यांची जीभ सुरू जाहली की गाईंचे कानही हलेनासे होतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, सूर्य असून नसल्यासारखा, ऐसे समयी अवघा कसबा पिकअप गाड्या घेऊन तळ्यावर लोटला. कॉफीचे हंडे आले, खुर्च्या आल्या, चर्चच्या बायकांनी लिंबाच्या वड्या आणल्या, आणि मिल्टनरावांनी बादली पालथी घालोन तीवर आरोहण केले.

"पंचवीस डॉलर! पंचवीस कोण म्हणतं?"

तोच म्हातारे आर्विड नेल्सन, दुभत्या गाईंचे धनी, हात वर करोन गर्जले, "पाचशे!"

लोक चकित जाहले. परंतु लगेच हार्डवेअर दुकानाच्या मार्व्हाबाई ओरडल्या, "हजार! पोरीच्या कॉलेजसाठी आहे ना? मग हजार!" झाले! येथेच घात जाहला. टॅमरॅक फॉल्सचे लोक तोंडाने मुके, काळजाने मऊ. कोणाच्या घरी अडचण म्हटली की दाराशी हॉटडिश ठेवोन पळून जाणारे. त्यांस एवढेच ठाऊक की पोर अडली आहे. दोन हजार जाहले, साडेतीन जाहले, पाद्रीबोवांनी चार म्हटले आणि मग घाबरोन खिसे चाचपिले, आर्विडने पाच सांगितले, मार्व्हाबाईंनी साडेसहा. कोनीबाईंच्या डोळ्यांस धार लागली. लाइलरावांची छाती फुगली, ते शेजारच्यास म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो." आणि ब्रिटाच्या तोंडचे पाणी पळाले, कारण आकडा वर चढे तैशी तिची मदत खाली जाई.

मग ती आर्विडच्या पिकअपवर चढोन किंचाळली, "थांबा! अहो, थांबा ना सगळे! तुम्ही जितकं जास्त म्हणाल तितकं मला कमी मिळणार!"

आर्विड म्हणाले, "हे कसलं गणित?"

"कॉलेजचं!" ब्रिटा म्हणाली. "मला दान नको, आर्विडकाका. आत जा, नीट बघा, आणि खरंच जेवढ्याला घ्याल तेवढंच सांगा. बाबांनाही तेच हवंय. हो ना, बाबा?"

जमलेल्या चौतीस जणांनी लाइलरावांकडे पाहिले. मग त्यांनी स्वहस्ते महालाचे दार उघडोन धरिले आणि म्हणाले, "बघून घ्या. काही लपवायचं नाही."

एकामागून एक सरदार आत गेले आणि नाके धरोन बाहेर आले. फळी कुजली आहे, बिजागरी दोरीची आहे, बाक पूर्वेकडे झुकला आहे, आणि वीस वर्षांच्या माशांचे आत्मे अद्याप तेथेच नांदतात, ऐसा अहवाल निघाला. शिवाय कायद्याने दोन आठवड्यांत हे धूड बर्फावरून हलविणे गिऱ्हाइकाच्या गळ्यात. आर्विड पाच हजारांवरून पंधरा डॉलरांवर आले, मग विचार करोन म्हणाले, "ओढायला डिझेल लागेल. पाच." मार्व्हाबाईंनी सहा म्हटले, शेगडीचा पत्रा म्हणोन. पाद्रीबोवांस देवाची आठवण जाहली, ते चारावर थांबले. लिहिणाराने सात सांगितले आणि स्वतःच्या धाडसाचे नवल करोन नऊ म्हटले. लाइलराव प्रत्येक आकड्यास मान हलवीत उभे होते. बाकाविषयी मात्र एकदाच बोलले, "बाक सरळ आहे. तळं तिरकं आहे."

"नऊ एकदा," मिल्टनराव म्हणाले. "नऊ दोनदा..."

"अकरा."

हा आवाज कोनीबाईंचा.

"तुला काय करायचंय ते घेऊन?" लाइलराव बोलिले.

"वीस हिवाळे नवरा तिथं राहतो. घर निदान माझं असू दे. यापुढं मासे पकडायला यायचं तर विचारून यायचं." आणि पर्समधून दहाची एक नोट आणि एक डॉलर काढोन त्यांनी नवऱ्याच्या हाती ठेविला. मिल्टनरावांनी बादलीवर हातोडा मारिला, लोकांनी टोप्या उडविल्या, आणि एक टोपी भोकात गेली ती आजतागायत मिळाली नाही.

दस्तैवज जागच्या जागी तयार जाहला. चौतीस सह्या पडल्या, त्यांतील निम्म्या हातमोज्यांनिशी केलेल्या म्हणोन वाचता येत नाहीत. सोमवारी पेनिंग्टनबाईंचा फोन आला. त्यांनी पुसले, "अकरा हजार ना?"

"नाही," ब्रिटा म्हणाली. "अकरा."

मग बाई ऐशा हसल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला.

एप्रिलात दुसरा खलिता पावला. मदत तिप्पट मंजूर. उरलेला खंदक ग्रंथालयातील काम आणि थोडे कर्ज यांनी बुजविण्याजोगा. ब्रिटाने कागद डोक्यावर धरोन अंगणात तीन फेऱ्या धावत मारल्या, चौथीत घसरोन पडली आणि पडल्या पडल्या हसत राहिली. लाइलरावांनी बर्फाची गाडी काढिली आणि रस्ता साफ असतानाही भोंगा वाजवीत गावभर फिरले. लोकांस मात्र द्यावयाचे राहोन गेल्याची रुखरुख होती. त्यांनी वस्तू आणून टाकल्या: मार्व्हाबाईंनी छोटा फ्रिज, चर्चच्या बायकांनी रजई, आर्विडने हिवाळी टायर, ब्रिटाकडे गाडी नसतानाही. फॉर्ममध्ये रजईचा रकाना नाही, याचे सर्वांस मोठे समाधान वाटले.

ऑगस्टी ब्रिटाची स्वारी लून रिजकडे कूच जाहली. त्यानंतर हाल्वरसनांच्या घरी फार शांत जाहले. कोनीबाई सवयीने तीन ताटे मांडीत आणि एक उचलोन ठेवीत. मग त्या अंगणात उभ्या असलेल्या आपल्या महालात कॉफी घेऊन बसू लागल्या. आधी पडदे लागले, मग दोरी काढोन खरी बिजागरी आली, मग लाइलरावांस विचारून आत यावयाची परवानगी मिळाली, आणि दोघे त्या तिरक्या बाकावर बसोन पोरीच्या फोनची वाट पाहू लागले. आम्ही एकदा वाटेने जाताना पाहिले. बरे वाटले.

पुढे पुढल्या वर्षाचा फॉर्म उघडला. लाइलराव टेबलाशी, ब्रिटा फोनवर, आणि तोच रकाना पुन्हा उभा ठाकला.

"मालकीणबाई, घराची किंमत किती लिहू?"

कोनीबाईंनी खिडकीतून आपल्या पडद्यांकडे पाहिले. "चाळीस हजार दिले तरी विकायचं नाही."

"आईऽऽ!" फोनमधून किंकाळी आली.

बायकोचा शब्द खरा, हे लाइलरावांस पुरते ठाऊक होते. आणि चौतीस सह्यांचा कागदही खरा. त्यांनी डोळे मिटोन अकरा लिहिले, आणि लगेच खाली सही ठोकली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ब्रिटा कॉलेजात दुसऱ्या वर्षास पावेल, पाण्याचे शास्त्र शिकोन येईल. तळे गोठले आहे, महाल बर्फावर रुजू आहे, भोके दोन आहेत आणि हल्ली एकापाशी कोनीबाई बसतात. पहिला मोठा मासा त्यांसच लागला. लिहिणाराने परवा बाराचा आकडा सुचवोन पाहिला, तेव्हा बाईंनी पुसले, तुम्हास जेवावयाचे आहे की जावयाचे? लिहिणार जेवला. किंमत डॉलर अकरा, कायम.