आप्पांचं शून्य

आमच्या भांडगावचे दत्तूआप्पा ऐन थंडीतसुद्धा डाव्या हातानं सदरा अंगापासून वीतभर लांब धरून चालतात. का म्हणून विचारलं, की एकच उत्तर, "उकडतंय गड्या!"

बसमध्ये शेजारची सीटही अडवून बसतात. कंडक्टर खेकसला, तर त्यालाच विचारतात, "तुमाला उकडत न्हाई व्हय?"

खरं असं, की मागं त्यांना बरगडीवर नागीण झाली होती. फोड वाळले, पण आतली शीर बिथरली ती बिथरलीच. नुसतं कापड लागलं तरी आग होते. पण 'दुखतंय' हा शब्द या माणसाच्या तोंडून निघेल तर शपथ!

पुण्यात एका दवाखान्यात लेझरनं शिरा तपासून उपचार करतात असं कळलं, तेव्हा मीच त्यांना ओढून नेलं. शेजारी असल्याचा ताप, दुसरं काय! सोबत त्यांच्या मंडळी, म्हणजे काकूही आल्या.

आप्पा उघड्या अंगानं कॉटवर. डोक्याला वायरी, डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेझरचा बारीक चटका बसेल. किती दुखलं ते शून्य ते दहामध्ये सांगा. त्यावरच उपचार ठरेल."

चटका बसला. आप्पांच्या पायांची बोटं आखडली.

"शून्य."

दुसऱ्या चटक्याला त्यांनी कॉटचा दांडा गच्च धरला. "शून्य, ताई. एकदम मस्त."

"आजोबा, कळ मेंदूपर्यंत पोचलेली इथं मशीनवर दिसतेय," बाई वैतागल्या. "आकडा खरा नसेल, तर तुम्हाला उपचारात घेता येणार नाही."

ही संधी हुकली, तर हा माणूस सदरा धरूनच मरायचा! मी त्यांच्या कानाशी लागलो, "आप्पा, खरं सांगा की!"

"हळू बोल मर्दा! पडद्यामागं ती बसलीया. मला दुखतंय म्हणलं, की तिच्या घशाखाली घास उतरत न्हाई."

हात्तिच्या! मी काकूंना चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं. कप हातात येतो न येतो, तोच आतून आरोळी आली, "नऊ! आई गं... दहा, दहा!"

मी कावराबावरा होऊन काकूंकडं पाहिलं. त्या शांतपणे चहा फुंकत होत्या.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी म्हशीला पाणी दावाया म्हणून मी मुद्दाम भाईर जाते. तेवढंच त्यांना कण्हाया मिळतं."

आप्पांना धीर द्यावा, म्हणून मी आत जायला उठलो. काकूंनी हाताला धरून खाली बसवलं.

"बस रं वाईच. लई दिवसांचं हाय. निघू दे सगळं."