हौदात पाणी आहे असे धरून

मनुष्य जे बोलतो त्याहून जे धरून चालतो तेच फार मोठे असते, आणि कचेरीचे कामकाज तर सगळे त्यावरच चालते. सन १९२९ साली सोलापुरातील एका कचेरीने ही गोष्ट ओळखली, याबद्दल तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच. (कचेरीचे नाव मी सांगत नाही. आपण ओळखले असेल, तर तेही आपणच धरून चालला आहात.)

कोंडवाड्यावर, म्हणजे मोकाट जनावरे कोंडतात तिथे, राखणदार नेमायचा होता. पूर्वी अशा माणसाला जनावरांतले काही कळते का, एवढेच विचारीत. हेडक्लार्क वेणीमाधवरावांनी ही रानटी पद्धत बंद करून तर्कशक्तीची परीक्षा ठेवली. प्रश्न एकच: 'राखणदाराने जनावरांस रोज हौदावर पाणी पाजावे. या वाक्यात न सांगता काय धरले आहे?'

उमेदवार बेचाळीस. पैकी तेहतीस जणांनी 'जनावरांस तहान लागते' असे लिहिले व ते पास झाले. सात जणांनी 'दिवस रोज उगवतो' असे लिहिले. त्यांना विचारांच्या खोलीबद्दल दोन गुण जादा. बार्शीच्या कमलाकर नावाच्या मॅट्रिक झालेल्या गृहस्थांनी चौदा गोष्टी शोधल्या, त्यांत 'पाणी ओले असते' हीसुद्धा होती. वेणीमाधवरावांचे डोळे भरून आले.

उरला बिरप्पा, सांगोल्याकडचा मेंढपाळ. त्याची मेंढरे गेल्या उन्हाळ्यात रोगाने गेली होती, त्यामुळे ही नोकरी त्याला हवीच होती. लिहिता येत नव्हते म्हणून त्याला तोंडी विचारले.

"हौदात पाणी हाय, असं धरलंय की तुमी," तो म्हणाला. "आत्ता बगून आलो. तळाला भेगा पडल्यात. शेरडं जिबा काडून पडल्यात तितं."

वेणीमाधवरावांनी उत्तरांचा छापील कागद उलटसुलट पाहिला. हे उत्तर त्यात नव्हते. शून्य गुण. शिवाय परीक्षेआधी कोंडवाडा पाहून येणे ही लबाडी होय, अशी समजही देण्यात आली.

बिरप्पा तडक कोंडवाड्यात गेला. (दार गेल्या शिमग्याला पोरांनी होळीत घातले, कुलूप मात्र कचेरीत सुखरूप आहे.) दावी सोडून तो भर दुपारी बावीसच्या बावीस जनावरे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कमलाकर रुजू झाले. ते रोज ठरल्या वेळी कोरड्या हौदाशी उभे राहतात आणि 'पाणी पाजले' असे कळवतात. आजवर एकाही जनावराची तक्रार आलेली नाही.

बिरप्पाने ती जनावरे पाण्यावर नेली, या विचाराने आपल्याला हायसे वाटले असेल. तसे मी कुठेही लिहिलेले नाही. आपल्यालाही शून्य गुण.