हो, सगळ्या येतील

मॅनेजरचं काम काय असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. इंग्लंडमधल्या हल शहरात तेवीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. घाबरलेल्या माणसाला कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे शांत आवाजात सांगायचं. गायिकांचा मॅनेजर याहून वेगळं काय करतो? म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचा मॅनेजर काम सोडून स्पेनला राहायला गेला, तेव्हा मी तिला म्हणालो, "बेव्ह, तू फक्त गा. बाकीचं माझ्यावर सोड."

तिने सोडलं. मनाने फार मोठी आहे ती.

बेव्ह म्हणजे बेव्हर्ली हॉलरॉइड. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आवाज मात्र बहुतेक ऐकला असेल. सतराव्या वर्षी ती वाटाणे गोठवायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून किडके वाटाणे वेचायची आणि वेचता वेचता गायची. यंत्रांच्या घरघरीवर तिचा आवाज चढायचा. तिथल्या मुकादमीणबाईंनीच पेपरातली जाहिरात कापून तिच्या हातात ठेवली: गाता-नाचता येणाऱ्या चार मुली हव्यात. हा तिचा पहिला गट, सॅटिन लेन. त्यांचं एक गाणं देशातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अडतिसाव्या नंबरवर गेलं, एक आठवडा राहिलं आणि उतरलं. त्या आठवड्यात आईने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून इतका केक खाऊ घातला, की पुढे दोन महिने आमच्या दारावरून जाताना लोक भराभर पावलं उचलत.

दुसरा गट व्हॅनिला जेट. पाच मुली, चंदेरी कपडे, दर शनिवारी टीव्हीवर. त्यांचं गाणं चौथ्या नंबरवर पोहोचलं. त्या गाण्याच्या शेवटाकडे एक जागा आहे. आवाज वर जातो, आणखी वर जातो आणि जिथे बाकीच्यांना श्वास पुरत नाही तिथे आरामात बसून राहतो. टीव्हीवर त्या जागेला सास्किया नावाची देखणी मुलगी मधोमध उभी राहून हात वर करायची. तोंड तिचं हलायचं, आवाज आमच्या बेव्हचा असायचा. बेव्ह पाच फूट अकरा इंच. ती मध्ये उभी राहिली की चित्र बिघडतं, असं कंपनीचं म्हणणं, म्हणून ती कडेला. हे बाहेर बोलायचं नाही असं करारातच लिहिलेलं होतं.

मग मोठ्या दौऱ्याच्या तीन आठवडे आधी कंपनीचा फॅक्स आला. चार ओळी. तुमची गरज उरलेली नाही. बाकीच्या चौघींपैकी एकीचाही फोन आला नाही. बेव्हने कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि आईला म्हणाली, "चहा टाकतेस का जरा?"

तिच्या जागी मी असतो तर गाणं या शब्दाचाही राग धरला असता. बेव्ह लग्नांत गायली, दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे उभी राहून गायली, हॉलंडला जाणाऱ्या बोटीवर सहा हिवाळे गायली. एकदा वादळात माईकचा दांडा कमरेच्या पट्ट्याला बांधून तिने सगळा कार्यक्रम पुरा केला आणि ओकणाऱ्या प्रवाशांकडूनही टाळ्या घेतल्या. आणि त्रेचाळिसाव्या वर्षी, अशाच दोन गटांतून गळालेल्या पॉलेट आणि हेझल यांना घेऊन तिने तिसरा गट काढला. नाव ठेवलं सेकंड पॉट, म्हणजे चहाची दुसरी किटली.

आता माझा पराक्रम.

ब्रिडलिंग्टनच्या समुद्रकिनाऱ्यावर रविवारी दुपारी गाण्यांचे कार्यक्रम होतात. ते भरवणाऱ्या टनिक्लिफसाहेबांचा मला फोन आला, तेव्हा माझी एक विद्यार्थिनी गोल चौकात चौथी फेरी मारत होती. बाहेरची वाट तिला सापडत नव्हती.

"व्हॅनिला जेटवाल्या बेव्हर्ली तुमच्याकडेच ना?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याचकडे."

"सगळ्या येतील का हो?"

मला वाटलं, तिघी. "हो, सगळ्या येतील," मी म्हणालो आणि स्टिअरिंग पकडलं.

दहा दिवसांनी पोस्टर आलं. वर पाच चंदेरी मुली आणि खाली मोठ्या अक्षरात: 'वीस वर्षांनी प्रथमच. संपूर्ण व्हॅनिला जेट.'

त्याच मिनिटाला बेव्हला सांगायला हवं होतं. मान्य आहे. पण तिने या कार्यक्रमासाठी नवा हिरवा झगा शिवायला टाकला होता. मी ठरवलं, गुपचूप निस्तरू. जेटच्या बाकीच्या चौघींना फोन लावत सुटलो. एक ऑस्ट्रेलियात होती, एक चर्चमध्ये धर्मगुरू झाली होती आणि रविवारी तिला सवड असणं शक्यच नव्हतं, एकीने फोन उचलला नाही. राहिली सास्किया. ती चेशरमध्ये कुत्र्यांचे केस कापायचं दुकान चालवते.

"बेव्हची फार इच्छा आहे," मी तिला म्हणालो. "पुन्हा एकदा तुझ्याबरोबर गायची."

पलीकडे एक कुत्रं भुंकलं. मग ती म्हणाली, "तिची इच्छा आहे? माझ्याबरोबर? मी येते."

संध्याकाळी मी बेव्हच्या स्वयंपाकघरात गेलो. "सास्कियाचा फोन होता. स्वतःहून केला. म्हणते, एक गाणं तुझ्याबरोबर म्हणायचंय."

बेव्ह बशी पुसत होती. "असं म्हणाली ती?"

"अगदी याच शब्दांत."

तिने तीच बशी तीनदा पुसली. "बरं," ती म्हणाली. "येऊ दे."

दोन बायकांना दोन थापा मारल्या की त्या थापा एकमेकींना सांभाळून घेतात, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीचं आयुष्य रविवारी अडीचपर्यंतच होतं.

कपडे बदलायला आम्हाला क्रिकेट क्लबची खोली मिळाली होती. भिंतीवर पॅड टांगलेले, टेबलावर चहा आणि जॅम लावलेले स्कोन, म्हणजे गोडसर छोटे पाव. पॉलेट आरशासमोर, हेझल बुटांशी झटापट करतेय. तेवढ्यात सास्किया आत आली. केस पांढरे झालेले, कोटाला कुत्र्याचे केस चिकटलेले.

"बेव्ह," ती म्हणाली, "तू बोलावलंस, मला खरंच वाटलं नाही."

"मी बोलावलं? तूच ना फोन केलास?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कोन तोंडात घातला. सबंध.

"नायजेल," बेव्ह शांतपणे म्हणाली, "तोंडातलं संपव आणि बोल."

मी संपवलं, जितका वेळ लागू शकतो तितका लावून. मग पोस्टरसकट सगळं सांगितलं. पॉलेट लीड्सची, तिला हळू बोलता येत नाही. "म्हणजे बाहेर पंधराशे माणसं पाच जणींची वाट बघतायत आणि त्यातल्या खऱ्या दोनच? अरे, गाडी शिकवतोस की ठोकायला शिकवतोस?"

सास्कियाने पर्स उचलली. दाराशी जाऊन थांबली. "जाण्याआधी एक सांगते. तुला काढणार आहेत, हे मला आधी माहीत होतं. मी एक शब्द बोलले असते तर कदाचित थांबलं असतं. नाही बोलले. माझ्यामागे तू गायचीस तेव्हा रोज भीती वाटायची, आज कुणाच्या तरी लक्षात येणार. तू गेलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं, बेव्ह. वीस वर्षं ते मनातून जात नाहीये."

बेव्ह खिडकीतून बाहेर खुर्च्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा एखादी बॅट उचलेल. दोन्हीला मी तयार होतो.

"मला फार लागलं होतं तेव्हा," ती म्हणाली. "कंपनीचं नाही. तुम्ही कुणी फोन केला नाहीत, त्याचं." मग ती वळली. "ते केस झटक कोटावरचे. आधी आमचं गाणं होईल, मग तुला बोलावते. आणि पोस्टरचं लोकांना मी सांगणार. मला खोट्या नावावर गायचं नाही."

तिने खरंच सांगितलं. माईक हातात घेऊन म्हणाली, "पोस्टर चुकलंय. पाच जणी नाहीत. ज्यांना जायचंय त्यांनी जा, आम्हाला राग नाही." तीन-चार जण उठले, तेही आइस्क्रीम आणायला. सेकंड पॉटचं पहिलं गाणं झकास झालं. मग तिने सास्कियाला वर बोलावलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मागच्या संगीताची सीडी लावायचं काम माझं होतं.

मी लावली. लाउडस्पीकरमधून सगळ्या किनाऱ्यावर माझाच आवाज घुमला: "रिव्हर्स घेण्याआधी आरसा पाहा. घाई नको. मी शेजारीच आहे."

विद्यार्थ्यांसाठी मी स्वतः बोलून तयार केलेली सीडी. लोक हसू लागले. मी बटण दाबलं, तर पुढचा धडा सुरू झाला, चढावर गाडी कशी थांबवावी. टनिक्लिफसाहेबांनी शेवटी वायरच उपटली.

बेव्हने हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली. मग पॉलेटला म्हणाली, "टाळी धर." पॉलेटने टाळी धरली, हेझलने खालचा सूर लावला आणि बेव्ह आणि सास्किया जेटचं ते गाणं गाऊ लागल्या, नुसत्या गळ्याने. ती जागा जवळ आली तशी सास्किया थांबली. माईकमध्ये म्हणाली, "इथे मी दोन वर्षं नुसतं तोंड हलवलं. आवाज हिचा होता. आता नीट ऐका." आणि ती दोन पावलं कडेला सरकली.

बेव्ह मधोमध उभी होती, पाच फूट अकरा इंच, हिरव्या झग्यात. तिचा आवाज वर गेला, आणखी वर गेला आणि तिथे राहिला. माझ्यापुढच्या माणसाच्या हातातला बटाट्याचा तुकडा तोंडाजवळ थांबला तो थांबलाच. हा आवाज मी न्हाणीघराच्या दारातून ऐकलाय, बोटीवर ऐकलाय. पण इतकी माणसं तिच्याकडे तोंड करून ऐकतायत, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. लोक उठून उभे राहिले. मी तर आधीपासून उभाच होतो, पण मला खाली बसावं लागलं.

सोमवारी दुपारी बेव्हने मला चहाला बोलावलं. माझ्यासमोर कप ठेवून म्हणाली, "नायजेल, कालचा दिवस तुझ्यामुळे मिळाला. मी विसरणार नाही. सास्किया आता आमच्याबरोबर गाणार आहे."

मी खुर्चीत सरळ झालो.

"आणि म्हणून चौघींनी मिळून ठरवलंय, की आजपासून तू मॅनेजर नाहीस."

मी मोठ्या मनाने मान डोलावली. तिचं म्हणणं मला पटलंही. फक्त एक गोष्ट स्पष्ट करून घेणं भाग होतं.

"आजपासून म्हणजे, आधी घेतलेली कामं धरून की सोडून?"

बेव्हने कप खाली ठेवला. "कुठली कामं?"

"स्कारबरोचं. येत्या शनिवारी."

"किती जणी येणार म्हणून सांगितलंयस?"

मी स्कोनसाठी ताटलीकडे हात नेला. ताटली तिने उचलून घेतली होती.