सामनेवाल्याची प्रकृती

"सामनेवाला जिवंत आहे ना?" त्र्यंबकराव वकिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"हाय की," आकाराम चौगुले म्हणाले. "आमच्याच यष्टीनं आलाय. त्यो पुढं बसलाता, मी मागं."

"मग त्याला जपा."

अकरा वर्षं ज्याच्याशी एक शब्द बोललो नाही त्याला जपायचं म्हणजे काय, हे आकारामांना कळेना. वकिलांनी टेबलावरचं जाड पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं. आकारामांना वाचता येत नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं, पण पुस्तक फिरवल्याशिवाय त्र्यंबकरावांना सल्ला देता येत नसे. मुंबईच्या हायकोर्टाचा ताजा निकाल होता. अपील चालू असताना पक्षकार मेला तर नव्वद दिवसांत त्याचे वारस दाव्यात आणायचे, नाही आणले तर अपील बाद. नियम जुनाच. पण आजवर 'कळलंच न्हाय साहेब' म्हटलं की उशीर माफ व्हायचा. आता हायकोर्ट विचारत होतं, एका गावात राहता आणि माणूस मेलेला कळत नाही?

"हंबीररावाला वारस किती?"

"पाच ल्योक, तीन लेकी. एक ल्योक मिल्ट्रीत. एक कुठं हाय त्ये हंबीरलाबी ठावं न्हाय."

"म्हणून म्हणतो. तो गेला आणि एक वारस जरी राहिला, तर तुमची गाडीवाट गेली."

गाडीवाट म्हणजे कोडोलीच्या शिवारातला नऊ फुटी पट्टा. तो हंबीररावांच्या रानातून जायचा, आणि त्याच्याशिवाय आकारामांच्या रानात बैलगाडी पोचत नव्हती. खालच्या कोर्टात आकाराम हरले होते. अपील चालू होतं म्हणून वाट उघडी होती. दोघं चुलतभाऊ. प्रत्येक तारखेला एकाच यष्टीनं कोल्हापूरला यायचे आणि कोर्टाच्या आवारात एकाच लिंबाखाली, एकमेकांकडे पाठ करून भाकरी खायचे. निम्म्या तारखा तर त्यांनी स्वतःच वाढवून मागितलेल्या. भांडणाची एवढी नेटकी शिस्त मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

त्या दिवसापासून आकारामांनी हंबीररावांचा खोकला मोजायला सुरुवात केली. भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे सोय होती. खोकला आला तर काळजी, आला नाही तर त्याहून जास्त काळजी. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला, तानाबाईंना, तांब्याभर दूध घेऊन पलीकडे धाडलं.

"अकरा वर्सांनी?" तानाबाई म्हणाल्या. "काय सांगू त्यास्नी?"

"म्हस लई दूध द्यायल्या म्हणून सांग."

पलीकडे हंबीररावांची बायको धोंडुबाई. त्यांनी ते दूध आधी मांजराला घातलं आणि दोन दिवस मांजरावर नजर ठेवली. मांजर गुटगुटीत झालं. मग हंबीररावांना दूध मिळू लागलं.

श्रावणात हंबीररावांना ताप भरला. पोरं जवळ नव्हती, ओढ्याला पाणी चढून नेहमीचा रस्ता बंद. आकारामांनी गाडी जुंपली, हंबीररावांना घोंगड्यात गुंडाळून आत घातलं आणि त्याच वादातल्या वाटेनं, वरच्या अंगानं, दवाखाना गाठला. सहा तास स्वतः भिजले. गाडीत हंबीररावांनी डोळे उघडून एवढंच विचारलं, "ही वाट कुणाची?"

"कोर्टात हाय. गप पड."

हंबीरराव चार दिवसांत उठून बसले. आकाराम आजारी पडले आणि नवव्या दिवशी गेले. सामनेवाल्याच्या प्रकृतीकडे एवढं लक्ष दिलं, पण अपील करणाराही मरू शकतो हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

हंबीररावांचे वकील खुशीत होते. "आता काही करू नका. नव्वद दिवस गप्प बसा. वाट तुमची."

हंबीरराव गप्प बसले. पुढच्या तारखेला एकटेच यष्टीत चढले आणि वाटभर मागं वळून बघत राहिले. लिंबाखाली भाकरी सोडली, अर्धा तुकडा मोडला आणि तशीच बांधून परत आणली. धोंडुबाईंनी विचारलं तर म्हणाले, "ग्वाड लागंना."

सत्त्याऐंशीव्या दिवशी सकाळी ते तानाबाईंच्या दारात उभे राहिले. "वैनी, आजच्या आज कोल्हापूरला चला. तुमचं आन् दोन्ही लेकींचं नाव लावाया अर्ज द्यायचा हाय."

त्र्यंबकरावांनी दोघांना एकत्र बघितलं आणि चष्मा काढला. "हंबीरराव, हा अर्ज झाला नाही तर तुम्ही जिंकता. तुमच्या वकिलांनी सांगितलं नाही?"

"सांगितलंया की."

"मग वाट द्यायचीच असेल तर सरळ तडजोड लिहून द्या. आजच मिटवून टाकू."

हंबीरराव म्हणाले, "मिटवू नगा साहेब. दादा गेला, आता दावाबी गेला तर मी तारखंला कुणासंगट येऊ?"

अर्ज वेळेत दाखल झाला. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची पडली तेव्हा हंबीररावांना जरा बरं वाटलं. दोघं लिंबाखाली आले. तानाबाई त्यांच्यासमोर बसून भाकरी सोडू लागल्या.

"तसं न्हाय वैनी," हंबीरराव म्हणाले. "तिकडं तोंड करून बसा. दादा तसाच बसायचा."

तानाबाई वळून बसल्या. पाठीला पाठ होती, त्यामुळे रडताना कुणी कुणाला दिसलं नाही.