धुऊन पालथी घातलेली कुपी

"फ्रीझर बर्फासाठी असतो, की हिच्या उंदरांच्या औषधासाठी?" सासूबाई पुटपुटल्या. सुनेला नेमकं ऐकू जाईल, इतक्याच हळू.

सुनेनं ऐकलं आणि गिळलं. प्रयोगशाळेचा फ्रीझर बंद पडला होता, दुरुस्तीवाला सोमवारी उगवणार होता आणि साहेबांनी कुपी तिच्या हवाली करून हात झटकले होते. आत चिमूटभरसुद्धा नसलेली पांढरी भुकटी. तिची चार महिन्यांची मेहनत. आतड्याच्या कॅन्सरच्या काही पेशी केमोला दाद देत नाहीत. दडी मारून बसतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. त्यांनाच हुडकून मारू बघणारं हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, मंगळवारी उंदरांना टोचायचं होतं.

रविवारी सकाळी कुपी भांड्यांच्या जाळीत सापडली. धुतलेली, पालथी, निथळत.

तिचा पारा चढला. तुझ्या विषाला मी कशाला हात लावू, म्हणून सासूबाई फणकारल्या. नवऱ्याला अचानक गाडी धुवायची आठवण झाली. या घरात माझ्या कामाला काडीची किंमत नाही, असं ती भिंतीला ऐकवत असताना सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी घेतलं. पाण्यातून. कडू नव्हतं."

मग साहेबांना फोन. साहेबांनी आधी विचारलं, थोडं तरी उरलंय का. माणूस कसा आहे, हे नंतर. अपाय होणार नाही, पोटात ते दुधासारखं पचून जाईल, पण डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणाले.

"बाबा, ते टोचायचं असतं, प्यायचं नसतं. आणि तुम्हाला कशाला हवं होतं? तुमच्या आतड्याला तर नुसती..."

"सूज," सासूबाईंनी घाईघाईनं पुरवलं.

"सूज," सासरे म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. खाली एक केस नव्हता. "आणि दर पंधरा दिवसांनी ताकदीचं सलाइन. ताकदीनं केस गळतात होय गं? हिच्या उंदरांनासुद्धा माहीत असतं त्यांना काय झालंय ते. चिडायचंच असेल, तर पहिला नंबर माझा."

दारात ओलं फडकं घेऊन नवरा येऊन उभा राहिला होता.

"कॅन्सर झालाय मला," सासरे म्हणाले. "सहा महिने झाले. आता बसा सगळे."