सहावं कार्ड आणि नऊ अंडी

यंत्र बिघडलं म्हणून मी मेकॅनिकला फोन करत नाही. कधीच नाही! मी छापखान्यात प्रुफं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच मला पगार मिळतो. जो माणूस चारशे पानांतून एक निसटलेला अनुस्वार पकडतो, त्याला एका मशीनमधला बिघाड सापडणार नाही होय? त्या शनिवारी सकाळी मी हे घरात जाहीर केलं. जरा मोठ्यानेच, कारण सासरे ऐकत होते.

मशीन म्हणजे माझी रिग. लोखंडी सांगाडा, त्यावर ओळीने सहा ग्राफिक कार्डं आणि त्यांचे गरगर फिरणारे पंखे. कार्डांनी दिवसभर आकडेमोड करायची आणि त्या बदल्यात मला इंटरनेटवरची नाणी मिळायची, असा साधारण बेत. पाच कार्डांवर ती गुमान चालायची. सहावं लावलं की दहाव्या मिनिटाला खट्ट! सगळं बंद. मी कार्ड बदललं, वायरी बदलल्या, कार्डांच्या जागा बदलल्या, शेवटी चिडून खालचं टेबलसुद्धा बदललं. दहावं मिनिट, खट्ट!

सासरे आमच्याकडेच राहतात. पस्तीस वर्षं वायरमन होते. त्यांनी दारातूनच एकदा रिगकडे पाहिलं.

"लोड जास्त होतोय, जावईबापू."

"बाबा, हे घरातल्या फिटिंगसारखं नसतं. यात फार गोष्टी असतात."

"असतील," ते म्हणाले आणि आपल्या अंड्यांकडे वळले.

हो, अंडी. मागच्या खोलीत एका बाजूला माझी रिग आणि दुसऱ्या बाजूला त्यांची अंडी उबवायची पेटी. अंगणात त्यांच्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा होता. त्यांतली तुरेवाली त्यांची लाडकी. खुर्चीत बसले की येऊन पायाशी बसायची. तीन आठवड्यांपूर्वी कुत्र्याने तिला उचललं. सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिची शेवटची नऊ अंडी त्यांनी या पेटीत ठेवली होती. तापमान साडेसदतीस, आणि रोज तीनदा हाताने अंडी फिरवणं. तो एकोणिसावा दिवस होता. एकविसाव्याला पिल्लं निघणार होती.

"मी डोळे तपासून येतो," चष्मा पुसत ते म्हणाले. "आता शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत. फक्त पेटी बंद पडू देऊ नका."

"बाबा, मी आहे ना इथे!"

हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

ते गेल्यावर मी कामाला लागलो. माझं निदान तयार होतं: वीज पुरवणारा डबा कमी पडतोय, मग दुसरा जोडा! मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून मी एक जुना डबा आणलाच होता. आता गंमत अशी, की कॉम्प्युटरने सांगितल्याशिवाय हा डबा सुरूच होत नाही. त्याला फसवावं लागतं. कागदाची टाचणी वाकवून त्याच्या प्लगमधल्या दोन भोकांत घातली, की बिचाऱ्याला वाटतं, मालकाचा हुकूम आला! मी टाचणी घातली. डबा घुमला. सहाच्या सहा कार्डं सुरू! दहावं मिनिट गेलं. अकरावं गेलं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

बाराव्या मिनिटाला वास आला.

एक बारीकशी बाब माझ्या नजरेतून सुटली होती. खोलीत सॉकेट एकच. त्यावर एक एक्स्टेंशन बोर्ड. त्या बोर्डावर माझा पहिला डबा, माझा दुसरा डबा आणि सासऱ्यांची पेटी. फट्ट! बोर्डातून निळसर ठिणगी उडाली, धूर निघाला, आणि एवढी शांतता पसरली की अंगणातल्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या.

बोर्ड वितळून चपटा झाला होता. मी पेटीचा प्लग उपसला आणि पेटी घेऊन स्वयंपाकघरात धावलो. तिथल्या सॉकेटला लावली. दिवा नाही. आकडे नाहीत. काहीच नाही! पेटीचा मेंदू जळला होता. आतल्या साध्या थर्मामीटरवर छत्तीस. बघता बघता पस्तीस. खरं सांगतो, मला त्या क्षणी पेटीचं काही वाटत नव्हतं. डोळे तपासून घरी येणारा म्हातारा दिसत होता.

गरम काय आहे घरात? इस्त्री? नको, ऑम्लेट व्हायचं. आणि मग डोक्यात उजेड पडला. घरात माझ्या रिगइतकं गरम काय आहे!

रिग उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणली. टाचणीवाला डबा काढून फेकला, पहिल्या एकट्या डब्यावर मशीन सुरू केलं. अंडी थर्मामीटरसकट पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली आणि खोक्याचं उघडं तोंड पंख्यांच्या गरम हवेसमोर धरलं. तीन मिनिटांत थर्मामीटर बेचाळीसवर! खोकं मागे ओढलं. दहाव्या मिनिटाला, अर्थातच, खट्ट! मशीन बंद.

एवढ्यात बायको आली. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ओट्यावर सहा कार्डं, समोर नऊ अंडी, मध्ये नवरा.

"हे काय?"

"अंडी उबवतोय."

"तू?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिने पर्स ठेवली आणि बाह्या वर केल्या. त्यानेच मी जास्त घाबरलो.

"मशीन बंद का पडतं?"

"माहीत नाही."

"बाबा काय म्हणाले होते?"

"...लोड जास्त होतोय."

"मग कमी कर!"

आता कार्डांचा जोर कमी करणं म्हणजे स्क्रीनवरचा एक आकडा खाली आणणं. दोन मिनिटांचं काम. सगळे जाणकार हाच पहिला उपाय सांगतात, आणि म्हणूनच मी तो केला नव्हता. मशीन परत सुरू करून मी ऐंशी टक्क्यांवर आणलं.

"एकोणचाळीस," बायको थर्मामीटर बघून म्हणाली. "अजून कमी."

सत्तर. "साडेअडतीस." पासष्ट. "अडतीस." साठ.

"साडेसदतीस! हात लावू नकोस आता कशाला! आणि हवा कोरडी आहे, ओला नॅपकिन दे."

"अगं, पाणी? माझ्या कार्डांजवळ?"

तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी नॅपकिन ओला करून दिला. त्यानंतर ती दर पाच मिनिटांनी तापमान वहीत लिहीत बसली, आणि मी खोकं दोन्ही हातांनी धरून उभा.

तीन तासांनी दार वाजलं. सासऱ्यांचे डोळे औषधाने अजून लाल होते. त्यांनी ओटा पाहिला, खोकं पाहिलं, मग मागच्या खोलीत जाऊन वितळलेला बोर्ड पाहिला. परत आले.

"बाबा, चुकलं माझं. पेटी जळली."

त्यांनी हात धुतले, पुसले, एक अंडं अलगद उचलून कानाशी धरलं. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

"आहे," ते म्हणाले. "आतून बोलतंय."

बायकोने डोळे पुसले. मीही पुसले, कांद्याचं निमित्त काढायला आसपास कांदासुद्धा नव्हता.

अंडं जागेवर ठेवून त्यांनी विचारलं, "किती लोडवर चाललंय?"

"साठ टक्के."

"बंद पडलं?"

"साठवर आणल्यापासून एकदाही नाही."

त्यांनी मान डोलावली आणि ओला नॅपकिन सारखा केला. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

रिगच्याच उबेत एकविसाव्या दिवशी सात पिल्लं बाहेर आली. दोन अंडी मात्र फुटलीच नाहीत. पहिलं ओलं पिल्लू सासऱ्यांच्या तळहातावर धडपडत उभं राहिलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच खळखळून हसताना पाहिलं. वातावरण चांगलं आहे हे पाहून मी हळूच विषय काढला.

"बाबा, बोर्ड आणि वायर नवीन आणली आहे, जाडवाली. बिघाडही कळलाय. आता मशीन जरा पूर्ण जोरावर—"

"छे! पिल्लांना पहिला आठवडा पस्तीस डिग्री लागते," पिल्लावरून बोट फिरवत ते म्हणाले. "थोडं कमीच करा."

मी कमी केलं. दर आठवड्याला आणखी तीन डिग्री उतरवायची आहे. माझ्या हिशेबाने सहाव्या आठवड्यात मशीन पूर्ण बंद होईल, आणि सासरे भेटेल त्याला सांगतात, की जावईबापूंनी मशीन एकट्याने दुरुस्त केलं!