डब्ल्यू म्हणजे वाचवा

शिवणाच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली, तेव्हा दुकान चालवणाऱ्या शिंपिणीच्या नवऱ्याने एक छोटासा निर्णय घेतला. नवा प्रोग्रॅम आणायचा नाही. गिऱ्हाइकांच्या मापांसाठी आपणच लिहिलेला जुना प्रोग्रॅम उचलायचा आणि जसाच्या तसा ब्राउझरच्या पानात बसवायचा. तेच रकाने, तीच बटणं आणि तोच त्याचा लाडका कंट्रोल-डब्ल्यू. सगळं जग सेव्ह करायला एस दाबतं. ह्या पठ्ठ्याने 'वाचवा'साठी डब्ल्यू ठेवला होता. (हा पराक्रम ज्याने ऐकला नाही, असा शिपाईसुद्धा त्याच्या ऑफिसात उरला नव्हता.)

"तपासून पाहिलंत ना?" बायकोने विचारलं.

"स्वतःच्या पोराची कुणी परीक्षा घेतं का?"

पहिल्याच दिवशी सासरे बघायला आले. जन्मभर कात्री चालवलेला माणूस. जावयाला ते कौतुकाने 'बटणराव' म्हणत. गिऱ्हाईकही तोलामोलाचं होतं, गणवेश शिवायला आलेला अख्खा बँड! बायकोची पहिली मोठी ऑर्डर. बँड दुपारच्या गाडीने दौऱ्यावर निघणार, तेव्हा मापं काय ती आत्ताच. तिने भराभर टेप फिरवली, आकडे भरले, शेवटी ढोलवाल्याचं पोट भरलं (मापाचं) आणि सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबलं.

पान गायब.

"अहो, गेलं!"

"तू काय केलंस?"

"वाचवलं!"

"मग गेलं कसं?"

"वाचवलं म्हणून गेलं!"

"सरक. तुझा हात चुकला असेल." त्याने ढोलवाल्याला पुन्हा हात वर करायला लावले, आकडा भरला आणि ऐटीत डब्ल्यू दाबला. पान पुन्हा गायब. आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ब्राउझरमध्ये पान हे भाडेकरू. काही किल्ल्या घरमालक ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो, आणि त्याच्या लेखी डब्ल्यू म्हणजे 'बंद करा'. नवऱ्याने प्रोग्रॅममध्ये नाना खटपटी केल्या, पण मालक काही बधेना. बँडवाले घड्याळाकडे बघू लागले आणि बायकोचा चेहरा उतरला.

"बटणराव," सासरे म्हणाले, "बटण झकास लावलंत. पण काज कुठंय?"

शेवटी त्याने अभिमान गिळला, पानावरच माउसने दाबायचं एक ठळक बटण काढलं आणि त्यावर लिहिलं, 'वाचवा'. सगळ्यांची मापं पुन्हा झाली. (ढोलवाल्याचं पोट दर खेपेला इंचभर कमी भरत होतं; तो आता श्वास रोखायला शिकला होता.) बायकोने बटण दाबलं. मापं राहिली! ऑर्डर राहिली!

"प्रोग्रॅम ह्यांनीच केलाय हं," बायको बँडमास्तरांना म्हणाली. एवढं सगळं होऊनही तिच्या आवाजात अभिमान होता, आणि नवऱ्याची छाती अशी फुगली की तिचंही माप नव्याने घ्यावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात बायकोने खास त्याच्यासाठी शिवलेला सदरा पुढे केला. त्याने तो ऐटीत अंगात घातला. बटणं सुरेख, एका ओळीत. काज एकही नाही.

"अगं, हा बंद कसा करायचा?"

"कंट्रोल-डब्ल्यू दाबा."